एक पान, सारे समान

माझ्या घरी कोणीही जेवायला आलं तरी मी स्टीलची ताटं काढते. चार माणसं असोत की चाळीस, प्रत्येकाला ताट, वाटी, पाण्याचं भांडं. नवरा म्हणतो, "अगं, केळीची पानं आणू. पाच मिनिटांचं काम. इतकी भांडी घासणार कोण?" मी म्हणते, मी घासते, तू बस. तो बिचारा बसतो, कारण या एका बाबतीत बायकोचं डोकं फिरतं हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. का फिरतं ते मात्र मी त्याला कधी धड सांगितलेलं नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो, मग भांडण आवाजावरून होतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

गेल्या महिन्यात मुलीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. ती आता जळगावला माझ्याच जुन्या कॉलेजात शिकते. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर जुन्या फोटोंची रांग आहे, त्यातला एक. दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत मुलगी स्टेजवर दुसऱ्या एका मुलीशेजारी उभी आहे, दोन्ही हातांनी केळीचं लांबलचक पान डोक्यावर धरलंय आणि तोंड उघडं आहे. खाली लिहिलंय, 'एक पान, सारे समान : महाविद्यालयाची अभिमानास्पद परंपरा.' मुलीने विचारलं होतं, "आई, ही तूच ना? आम्ही यंदा पण करतोय. मी कमिटीत आहे." म्हणजे इतकी वर्षं दर हिवाळ्यात नवी नवी पोरं ते पान डोक्यावर धरतायत आणि सुरुवात मी करून दिली आहे. मला आधी हसू आलं, मग असा संताप आला की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी उभीच. त्या रात्री मुलीला फोनवर काय सांगावं ते सुचेना. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. लिहिताना तरी मधे कोणी बोलत नाही.

आमच्या वेळी याची सुरुवात झाली ती एका परिपत्रकाने. विद्यार्थ्यांमध्ये विविधतेविषयी जाणीव वाढवावी आणि हे काम विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन करावं, असं काहीसं वरून आलं होतं. आमच्या सरांनी वर्गात नजर फिरवली आणि चौघांना उभं केलं. निवड कशी झाली ते आम्हाला तेव्हाही कळलं होतं, पण आम्ही ते एकमेकांना बोलून दाखवलं नाही. प्रशांत धुळ्याचा, बोलायला लागला की घंटा झाल्याशिवाय थांबत नसे. सुनील पावरा, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचा पाडा, केमिस्ट्रीत वर्गात पहिला. नसीम, जळगावच्याच पिंजारी घरातली. तिच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं, आणि अख्ख्या कॉलेजात तिच्याइतकं सुंदर मराठी अक्षर कोणाचं नव्हतं. आणि मी, अमळनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, लेडीज होस्टेलला राहणारी. सर म्हणाले, "झकास. फोटोत सगळे दिसले पाहिजेत." आम्ही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

पहिले दोन महिने आम्ही नुसती डोकेफोड केली. दुपारच्या सुट्टीत व्याख्यान ठेवलं तर दीडशे खुर्च्यांवर नऊ जण, त्यातले चार पुढच्या प्रॅक्टिकलची वाट बघत सावलीला बसलेले. नसीमने रात्र रात्र बसून पोस्टर लिहिली, ती दोन दिवसांत फाटली. एका पोस्टरचा कागद मला कॅन्टीनमध्ये भजी बांधलेला सापडला. 'माणूस' एवढाच शब्द तेलात शाबूत राहिला होता. वर्गावर्गात जाऊन बोलायला लागलो की मागच्या बाकावरून कोणीतरी 'भारत माझा देश आहे' सुरू करायचं आणि सगळा वर्ग प्रतिज्ञा म्हणत हसायचा. आपण काही शिकवायला आलोय असं लोकांना वाटलं की लोक शिकत नाहीत, हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, पोरं नालायक आहेत.

आम्ही तरी कोण मोठे शहाणे होतो. स्नेहसंमेलनात 'आपली संस्कृती' म्हणून एक कार्यक्रम ठरला तेव्हा प्रशांत सुनीलला म्हणाला, "तू गावाकडचा ढोल घेऊन ये. कमरेला ते घुंगरू बांधतात ना, ते पण." सुनीलने प्रयोगाच्या वहीतून मान वर केली. "आणि तू काय वाजवणार?" प्रशांतला प्रश्नच कळला नाही. "मी सूत्रसंचालन करणार ना." सुनील परत वहीत बघायला लागला. मी मात्र पुढे होऊन त्याची समजूत काढली की असं वाईट वाटून घेऊ नये, आपली कला दाखवण्यात कमीपणा कसला. समजूत काढण्यात मी तेव्हा फार पटाईत होते.

नसीमचं घर कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की भिंती थरथरायच्या आणि घरातली माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलायची. यंत्र थांबलं की सगळे थोडा वेळ उगाच मोठ्याने बोलत राहायचे, आवाज खाली आणायचं विसरून. हवेत सतत बारीक कापूस तरंगत असे. तिच्या अब्बांच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वडिलांची कपाशी आहे हे ऐकून ते म्हणाले, "तुमच्या आबांचा कापूस आमच्या डोक्यावर बसतो बघा," आणि स्वतःच खूप हसले. तिची अम्मी चुलीपाशीच होती. पोळ्यांचा वास, फोडणीत लसूण, आणि दुसरंही काहीतरी शिजत होतं. ती म्हणाली, "खाना खाके जाना, बेटा." मी पटकन म्हणाले, "आज माझा उपवास आहे."

बुधवार होता. बुधवारी आमच्या सात पिढ्यांत कोणी उपवास केलेला नाही. पण त्या पातेल्यात काय शिजतंय, त्या ताटात काल काय वाढलं असेल, हे सगळं डोक्यात एकदम आलं आणि तोंडातून उपवास निघाला. अम्मीला खरंच वाटलं. तिने पोराला पिटाळून माझ्यासाठी दोन केळी आणवली. मी ती सालं काढून खाल्ली. केळ्याला कोणाचा हात लागत नाही. आणि दोन तासांनी कॅन्टीनमध्ये प्रशांतने वडापाव मागवले तेव्हा मी एक उचलून खाल्लादेखील. अर्धा संपल्यावर लक्षात आलं, समोर नसीम बसली आहे. तिने आपला वडापाव संपवला, हात पुसले आणि पुढच्या पोस्टरच्या मजकुराचं विचारलं. मी स्वतःला समजावलं की तिच्या लक्षात आलं नसेल. मला समजूत काढता येत होती म्हटलंच ना.

डिसेंबरात मला ती कल्पना सुचली. आमच्याकडे थंडी पडली की भरताचे बेत सुरू होतात. पांढरट हिरवी, हाताएवढी वांगी, तीही कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची. गॅसवर भाजलेल्या भरताला आम्ही भरीत म्हणत नाही. मळ्यात जाळ करायचा, वांग्यांची सालं काळीठिक्कर होऊन फुटली की ती सोलायची, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे घालून मुसळीने ठेचायची, वरून कांद्याची पात. सोबत पुऱ्या किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आणि जेवायचं केळीच्या पानावर, बांधावर ओळीने बसून. मी म्हटलं, भाषणं खूप झाली, सगळ्यांना आमच्या मळ्यात जेवायला नेऊ. वेगवेगळ्या घरची पोरं एका ओळीत, सारख्या पानावर. पान कोणाचं नसतं. पानाला जात नसते. प्रशांतने तिथल्या तिथे ते जुळवलं, 'एक पान, सारे समान.' सरांना तर ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

मी शनिवारी पॅसेंजरने अमळनेरला उतरून एसटीने घरी गेले आणि आईला सांगितलं. आई ज्वारी पाखडत होती. तिने सूप न थांबवता विचारलं, "किती जन शेतस?"

"चौदा."

"कोन कोन शेतस?"

मी नावं सांगितली. सगळी, आडनावांसकट, जराशा तोऱ्यातच. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल आणि मग मला बोलायला मिळेल. मी गाडीत बसल्या बसल्या पूर्ण वादाची तयारी केली होती. आईने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाली, "येऊ दे. मळामाच वाढसूत, पानवर. भांडा कोन घासी?" एवढंच. मला इतका आनंद झाला की मी उठून तिच्या गळ्यात पडले. तिने मला कोपराने ढकललं, ज्वारी सांडत होती म्हणून.

तो दिवस छानच झाला, हे मला आजही नाकारता येत नाही. आबांनी सकाळीच नोकराला पाठवून विहिरीजवळच्या केळीची पानं कापवून आणली होती. तालुक्याला जाऊन प्लास्टिकचे ग्लासही आणले होते. मी त्यांना म्हटलं, आबा, किती तयारी केलीत. ते खूश झाले. पोरं उतरली तेव्हा सगळे आले का ते बघायला स्वतः बांधापर्यंत पुढे आले. "बठ्ठा उनात का? या, बसा. लाजू नका, आपलाच मळा शे." वांगी फुटताना फटफट आवाज येत होता, धुराने सगळ्यांचे डोळे लाल, तरी जाळाजवळून कोणी हलत नव्हतं. भरताच्या तिखटाने प्रशांत पहिल्यांदा पाच मिनिटं गप्प बसला. आई वाकून वाकून वाढत होती. नसीमच्या पानावर तिने दोनदा आग्रहाने पुरी टाकली, वरून, पान सोडून चार बोटं उंचावरून, पण पुऱ्या तर सगळे असेच टाकतात. सुनील जेवता जेवता मला म्हणाला, "आम्हाला पान नवीन नाही. आमच्या पाड्याची माणसं कापूस वेचायला इकडे येतात ना, त्यांना पण पानावरच मिळतं." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी होस्टेलवर आल्या आल्या वहीत उतरवून घेतलं. पुढे भाषणात घातलंही. त्याला काय म्हणायचं होतं, ते मी ऐकलंच नव्हतं.

सरांनी फोटो काढले. स्थानिक पेपरात बातमी आली. एकदम सगळ्या कॉलेजला आमची दखल घ्यावीशी वाटायला लागली. ज्या पोरांनी आमच्यासमोर प्रतिज्ञा म्हटली होती, ती 'पुढच्या भरताला आम्हाला न्या' म्हणून मागे लागली. धुळ्याला अनेक कॉलेजांचा मिळून एक मेळावा होता, तिथे आमचा उपक्रम मांडायचं ठरलं. मी बोलायचं, शेजारी नसीमने उभं राहायचं. तिने विचारलं, "मी काय बोलायचं?" सर म्हणाले, "तू असलीस की झालं."

मेळाव्याच्या आदल्या रविवारी मी घरी होते. त्याच दिवशी ताईला बघायला पारोळ्याकडचे पाहुणे आले. आबांनी तोच बेत केला, मळ्यात भरीत. मी हौसेने विहिरीकडे निघाले, हातात कोयता घेऊन, पानं कापायला. वाटेत आई दिसली. तिच्या डोक्यावर मोठं घमेलं आणि घमेल्यात घरातली स्टीलची ताटं, वाट्या, तांब्याचे लोटे. मागून ताई चुंबळीवर पाण्याची कळशी घेऊन येत होती. मी म्हटलं, माय, ही ओझी कशाला? पानं आहेत ना.

आई थांबली. तिला खरोखरच माझं नवल वाटलं. "पाव्हनास्ले कोठे पानवर वाढतस का? आपला माणसे शेतस त्या."

मी तिथेच, बांधावर उभी राहिले. "मग तेव्हा आम्हाला..."

"तुना मैतरसनं येगळं व्हतं," ती म्हणाली आणि घमेलं सावरून चालायला लागली. मग दोन पावलांवर परत वळली, माझं तोंड बघून. "आते काय झायं? कोनले उपाशी धाडं का मी? पोटभर वाढं ना?"

वाढलं होतं. पोटभर वाढलं होतं, तेच तर. आई कोणाला वाईट बोलली नाही, कोणाला तिने वेगळं बसवलं नाही. तिने फक्त अशी सोय केली की आमच्या घरचं एकही भांडं कोणाच्या ओठाला लागणार नाही, आणि त्या सोयीला मी घोषणा जोडून कॉलेजभर फिरवत होते. एकदम सगळं दिसायला लागलं. लहानपणापासून कापूस वेचणाऱ्या बायका आमच्या ओट्याखाली पानावर जेवताना मी पाहिल्या होत्या. आबांनी आणलेले प्लास्टिकचे ग्लास. जेवण झाल्यावर नोकराने ती सगळी पानं आणि ग्लास गोळा करून जाळात टाकले होते. माझं पानही त्यातच गेलं होतं, म्हणून मला वाटलं सगळे सारखे. त्या दुपारी मी स्टीलच्या ताटात जेवले. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. ताईचं लग्न मोडलं असतं तर, म्हणून. कारणांची मला कधीच वाण पडली नाही.

धुळ्याला त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. हॉलमध्ये सगळे शाली, स्वेटर गुंडाळून बसलेले. मी सकाळपासून ठरवत होते, आज खरं सांगायचं. पान घेऊन उभी राहीन आणि म्हणेन, हे आमच्या घरी का वापरतात ते मला परवा कळलं. वाक्य पाठ होतं. माझं नाव पुकारलं. नसीम शेजारी येऊन उभी राहिली. पुढच्या रांगेत आमचे सर, कॅमेरा घेऊन. मी पान वर धरलं आणि जुनंच भाषण केलं. अक्षर न् अक्षर. पानाला जात नसते हेही, सुनीलचं वाक्यही. टाळ्या थांबेनात. फोटोत माझं तोंड उघडं आहे ना, ते त्याच वेळचं. मुलीला त्यात उत्साह दिसतो. मला त्या पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

परतीच्या एसटीत प्रशांत आणि सुनील पुढे बसले, मी आणि नसीम मागे. मांडीवर मोमेंटो. पारोळा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग न राहवून तिला सगळं सांगितलं, आईचं घमेलं, ताटं, लोटे. सांगताना रडायला आलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल, मग मी माफी मागेन, मग आम्ही दोघी रडू.

नसीम म्हणाली, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"बसल्याबरोबर. विहिरीवर लोटा होता. तुझ्या आईने तो उचलून पदराखाली घेतला आणि मला प्लास्टिकचा ग्लास दिला." तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "पाहुण्यांना ताट काढतात, वैशू. आमच्याकडे पण काढतात."

"मग तू बोलली का नाहीस? इतके दिवस माझ्या शेजारी उभी राहिलीस."

"तुझा बुधवारचा उपवास होता तेव्हा मी काही बोलले का?" तिने मोमेंटो माझ्या मांडीवर नीट आडवा ठेवला, घसरत होता म्हणून. "तू तुझ्या आईवर रागावलीस. तिने निदान वाढलं तरी. तू आमच्याकडे खाल्लं पण नाहीस." मग म्हणाली, "मला आता स्टेजवर नका बोलावू. परीक्षा आहे." एरंडोल गेलं, जळगावचे दिवे दिसायला लागले.

त्यानंतर ती गटात आली नाही. वर्गात भेटायची, वही द्यायची, हसायचीही, पण दुपारी डबा घेऊन बाहेर निघून जायची. सरांनी एकदा विचारलं, "ती मुलगी कुठे गेली? तिच्याशिवाय फोटोला अर्थ नाही." मी त्यांना उलट बोलायला हवं होतं. मी म्हणाले, तिची परीक्षा आहे. मला दुसरं काही नको होतं, ना गट ना मोमेंटो, ती पहिल्यासारखी माझ्या शेजारी बसावी एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी काय करायचं ते मला ठाऊक होतं. बुधवारी केलेली चूक बुधवारीच फेडू म्हणून पुढच्या बुधवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. होस्टेलची थाळी मुद्दाम सोडून, उपाशीपोटी.

पिंजणयंत्र सुरू होतं. अब्बांनी हातानेच आत जा म्हणून खूण केली. अम्मी चुलीपाशी होती. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "अम्मी, भूक लागलीय. आज उपवास नाही." अम्मीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, इतकं सोपं होतं तर. नसीम आतल्या खोलीतून आली, दारात उभी राहिली, पण बसली नाही. अम्मी धाकट्या पोराच्या कानात काहीतरी बोलली. तो चप्पल घालून पळत गेला. मी चटईवर बसले. फळीवर ताटं रचलेली होती, घासून उपडी घातलेली. मी त्यांच्याकडे बघत बसले. जन्मात पहिल्यांदा एखाद्या ताटाची इतकी वाट बघितली असेन.

पोरगा धापा टाकत परत आला. त्याच्या हातात केळीचं पान होतं.

अम्मीने ते घेतलं, दोनदा धुतलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि माझ्यापुढे अंथरलं. मी म्हटलं, "अम्मी, ताट द्या. ताटात वाढा." ती हसली. "शरमाना नहीं बेटा. पेपर में फोटो देखा ना तेरा. तू पत्ते पे खाती है, मालूम है मुझे." तेवढ्यात यंत्र बंद पडलं, वीज गेली असावी, आणि तिचे शेवटचे शब्द त्या शांततेत फारच मोठ्याने ऐकू आले. मी परत म्हणाले, "नाही हो, मला ताट चालतं, खरंच चालतं." ती म्हणाली, "तुझ्या घरी कळलं तर बोलतील तुला. आपल्याकडून कोणाचं काही बाटायला नको," आणि वाढायला लागली. पोळी, वांग्याची भाजी, भात. इतक्या प्रेमाने, इतकं जपून, पानाच्या कडेला कुठे हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून डाव उंच धरून. अगदी आईसारखी.

मी नसीमकडे बघितलं. वाटलं, ती आता सांगेल अम्मीला. ती आली, फळीवरून आपलं ताट काढलं आणि माझ्याशेजारी बसून जेवायला लागली. मीही जेवले. भाजी उत्तम होती, मी दोनदा मागून घेतली. आम्ही दोघी तेवढ्या एका चटईवर, मांडीला मांडी लावून, आणि तिच्यापुढे ताट, माझ्यापुढे पान.

जेवण झाल्यावर नसीमने आपलं ताट उचललं, मोरीवर नेऊन घासलं आणि फळीवर उपडं ठेवलं. मी माझं पान दुमडलं आणि उठून मोरीकडे जायला लागले. कशासाठी, मलाच कळत नव्हतं. तिने ओल्या हाताने ते माझ्याकडून काढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ते धुवायचं नसतं. फेकायचंच असतं."